लहान मुलांचा कॅन्सर: जंतूंचा हात किती, कुपोषणाचा किती?

मुलाला कॅन्सर आहे असं कळल्यावर आईचा पहिला प्रश्न डॉक्टरला नसतो, स्वतःलाच असतो: माझ्याकडून खायला-प्यायला काय कमी पडलं? दुसरा प्रश्न घरातल्या मोठ्यांचा: मागे तो ताप आला होता, तो अंगात मुरला असेल का? बहुतेक मुलांच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" असंच आहे, आणि ते आईला स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. पण मोजक्या कॅन्सरांमध्ये जंतूंचा हात नक्की आहे. कुपोषणाचं म्हणाल तर, कॅन्सर होण्यात त्याचा वाटा पुसट आहे आणि झालेल्या कॅन्सरातून मूल उठण्या-न उठण्यात मोठा आहे. ही दोन गणितं एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

मोठ्यांचा हिशेब वेगळा. तंबाखूची चिमूट 25-30 वर्षं गालात धरली की तिथल्या पेशींत बिघाडावर बिघाड साठत जातो. तीन वर्षांच्या पोराला एवढा वेळच मिळालेला नसतो. साधारण दहातल्या एका मुलात जन्मतःच जनुकांत जोखीम असते. उरलेल्या बहुतेकांत, शरीर भराभर वाढत असताना एखाद्या पेशीची नक्कल करण्यात चूक होते, काहींत तर ती आईच्या पोटातच होते. मग जंतू काय करतो? तो ही चूक होण्याची संधी वाढवतो, किंवा चुकलेली पेशी मरायला हवी तेव्हा तिला मरू देत नाही.

युगांडातल्या जबड्याची गाठ

हे कसं घडतं ते सर्वांत नीट उलगडलंय बर्किट लिम्फोमात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कॅन्सरात. 1957 साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश सर्जनला एक पाच वर्षांचा मुलगा दाखवला गेला. वरच्या आणि खालच्या जबड्याला, दोन्ही बाजूंनी सूज. पू झाला असता तर एका जागी असता, चारही कोपऱ्यांत कसा? थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी त्याला तसंच दुसरं मूल दिसलं, आणि त्याच्या पोटातही गाठी होत्या. 1961 मध्ये बर्किट दोन सहकाऱ्यांना घेऊन एका जुन्या स्टेशन वॅगनमधून सुमारे 16,000 किलोमीटर हिंडला आणि रुग्णालयारुग्णालयांत हा आजार आहे का ते विचारत गेला. नकाशावर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एक पट्टा उमटला. त्यातही थंड डोंगराळ मुलूख कोरा. जिथे पाऊस भरपूर आणि पारा साधारण 15-16 अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही तिथेच हा आजार. थोडक्यात, डासांचा मुलूख.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किटचं व्याख्यान ऐकायला विषाणूंवर काम करणारा अँथनी एप्स्टाईन बसला होता. कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे मागवून, 1964 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक नवा विषाणू दाखवला. तोच एप्स्टाईन-बार विषाणू. माणसात कॅन्सर घडवण्यात हात असलेला हा पहिला ज्ञात विषाणू.

पण इथेच एक अडचण उभी राहते. हा विषाणू लाळेतून पसरतो आणि जगातल्या दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या अंगात असतो. तुमच्या-माझ्यातही असणार. मग सगळ्यांना बर्किट का होत नाही?

उत्तर मलेरियात आहे. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, म्हणजे बी-पेशींना, नवा जंतू ओळखायचा तर स्वतःच्याच जनुकाची कापाकापी करावी लागते. कात्री, जोड, पुन्हा कात्री. त्यासाठी एक खास विकर (एन्झाइम) असतं, आणि ते कधीकधी भलतीकडेच कापतं. एखाद्या सर्दीने हा कारखाना आठवडाभर चालतो आणि थांबतो. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार मात्र पुन्हा पुन्हा होत राहतो, त्यामुळे कारखाना वर्षानुवर्षं तिन्ही पाळ्यांत चालू. जितकी कापाकापी जास्त, तितकी चुकीच्या जोडाची शक्यता जास्त. बर्किटमधला नेमका चुकीचा जोड असा: 8 क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा "मिक" नावाचा वाढीचा जनुक तुटून 14 क्रमांकावर, प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी जाऊन बसतो. प्रतिपिंडांची लाईन बी-पेशीत चोवीस तास चालू असते. मिकने तिथे आकडा टाकला, की मीटर नाही, बटण नाही, पेशी विभागतच राहते.

असं जोडकाम बिघडलेली पेशी एरवी स्वतःहून मरते. एप्स्टाईन-बार विषाणू तिला मरू देत नाही. मलेरिया चूक घडवतो, विषाणू ती जगवतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत हा विषाणू "नक्की कारण" या गटात आहे आणि सतत होणारा फॅल्सिपेरम मलेरिया "बहुधा कारण" या गटात.

कुपोषणाचा धागा इथे येतो, पण बारीक. या विषाणूवर पहारा टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा असतो, आणि या पेशी ज्या थायमस ग्रंथीत घडतात ती ग्रंथी तीव्र कुपोषणात आक्रसते. पहारा ढिला पडतो एवढं निश्चित. त्यामुळे बर्किटचं प्रमाण किती वाढतं हे वेगळं काढून दाखवणं अवघड, कारण जिथे मलेरिया तिथेच उपासमार आणि तिथेच गरिबी.

आणखी एक संशयित आपल्या ओळखीचा आहे. कोकणात कुंपणाला लावतात तो शेर, ज्याची कांडी मोडली की पांढरा चीक येतो, तोच पूर्व आफ्रिकेतही कुंपणाला असतो. त्या चिकातले पदार्थ प्रयोगशाळेत झोपलेल्या एप्स्टाईन-बार विषाणूला जागं करतात. मुलं त्याच्याशी खेळतात, तो घरगुती औषधातही वापरतात. हा पुरावा प्रयोगशाळेतला आहे, त्यावरून कुंपणं उपटायला निघू नये. पण तो चीक डोळ्यांतही वाईट जातो, तेव्हा पोरांना त्यापासून लांब ठेवायला वेगळं कारण नकोच.

भारतात बर्किट दिसतो तो बहुधा पोटात, जबड्यात कमी. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. आठवड्याभरात पँट कमरेला घट्ट झाली, पोट दुखतंय, उलट्या होताहेत, तर "जंताचं औषध देऊन पंधरा दिवसांनी या" हा सल्ला घातक आहे. सोनोग्राफी त्याच दिवशी.

फार स्वच्छ बालपणाचा प्रश्न

मुलांत सर्वांत जास्त आढळतो तो लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे बोलीत "ब्लड कॅन्सर". दोन ते पाच वर्षांच्या वयात तो शिखरावर असतो. इथे जंतूंची भूमिका चक्क उलटी दिसते.

ब्रिटनचा शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज याने 1988 पासून मांडलेला विचार असा. पहिला बिघाड गर्भातच होतो. याला पुरावा आहे: नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले, वर्षानुवर्षं जपून ठेवलेले रक्ताचे ठिपके. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे ठिपके काढून तपासले, तर तोच गुणसूत्रांचा चुकीचा जोड जन्माच्या वेळीच हजर होता. पण असा जोड असलेल्या बाळांपैकी फार थोड्यांनाच आजार होतो. दुसरा बिघाड व्हावा लागतो. पहिल्या वर्षात नेहमीच्या किरकोळ जंतूंशी गाठच पडली नाही, तर प्रतिकारशक्तीला शिस्त लागत नाही. मग नंतर साधं इन्फेक्शन झालं तरी ती अंगावर येऊन भांडते, आणि त्या धांदलीत दुसरा घाव बसतो.

पहिल्या वर्षी पाळणाघरात गेलेल्या मुलांत हा ल्युकेमिया काहीसा कमी आढळतो, हे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं आहे. सहा महिने किंवा जास्त अंगावर पाजलेल्या मुलांत जोखीम सुमारे 19 टक्के कमी, असं 2015 च्या एका एकत्रित विश्लेषणात निघालं. मुळात हा आजार दर लाख मुलांत वर्षाला जेमतेम तीन-चारांना होतो, हे ध्यानात ठेवून ही टक्केवारी वाचावी. बाळाला मातीत लोळवा, लसी टाळा असा अर्थ यातून काढणाऱ्यांचं इंटरनेटवर पीक आलंय. गोवराने किंवा जुलाबाने मूल दगावण्याचा धोका या आकड्यांच्या कितीतरी पट मोठा आहे. आणि ल्युकेमिया झालेल्या मुलाच्या आईने "मीच फार जपलं" म्हणून जीव जाळावा असं यात काहीही नाही.

लसीने खाली आलेला कॅन्सर

हिपॅटायटिस बी आईकडून बाळंतपणात बाळाकडे गेला, तर दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. मोठ्या माणसाला झाला तर बहुतेकदा जातो. मुक्काम केलेला विषाणू यकृताचा कॅन्सर करतो, कधीकधी शाळकरी वयातच. तैवानने 1984 मध्ये बाधित आयांच्या बाळांना आणि 1986 पासून सर्वच बाळांना लस सुरू केली. 6 ते 14 वर्षांच्या मुलांतला यकृताचा कॅन्सर दर लाखात 0.70 वरून 1990-94 पर्यंत 0.36 वर आला. लसीने कॅन्सर टळतो याचा हा पहिला ठोस पुरावा.

व्यवहारात यातून एकच गोष्ट: जन्मानंतरचा डोस 24 तासांच्या आत. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीत, ही लस असतेच, पण ती पहिल्या डोसाची जागा घेत नाही. आई बाधित असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही लागतं, शक्यतो 12 तासांत. बाळंतपण रविवारी झालं, लसीची सिस्टर सोमवारी येते, म्हणून डोस राहतो. हे विचारून घ्यावं.

परळमधलं मार्माइट

आता अन्न. या विषयाचा सर्वांत विलक्षण धागा मुंबईत सुरू होतो. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयानक पांडुरोग (रक्तक्षय) होत असे आणि लोहाने तो हटत नसे. विल्सने जेवणाचा माग काढला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. बायका उठून बसल्या. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. रक्ताच्या पेशी भराभर बनायच्या तर हा घटक लागतोच.

बॉस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बरने हाच धागा उचलून ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिडचे प्रकार दिले, आणि त्याला आजार उलट भडकल्यासारखा वाटला. मग त्याने डाव फिरवला: फोलिक ॲसिडची वाट अडवणारं औषध द्यायचं. ते औषध, अमायनोप्टेरिन, पुरवणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता आंध्रचा यल्लाप्रगडा सुब्बाराव. 1948 मध्ये फार्बरने 16 मुलांपैकी 10 जणांत सुधारणा दिसल्याचं छापलं. सुधारणा तात्पुरती होती, पण ल्युकेमियावर औषध चालतं हे पहिल्यांदा दिसलं. आजही वापरात असलेलं मेथोट्रेक्सेट त्याच औषधाचं भावंड.

म्हणून "व्हिटॅमिनचं टॉनिक, त्याने काय अपाय होणार" हे वाक्य इथे चालत नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना मल्टिव्हिटॅमिनच्या सिरपवरचं लेबल वाचून त्यात फोलिक ॲसिड आहे का ते डॉक्टरांना दाखवायचं. मोठ्या डोसनंतर दिलं जाणारं ल्युकोव्होरिन हे फोलेटच, म्हणजे फोलिक ॲसिडचंच एक रूप असतं, पण ते ठरावीक तासांनी सुरू करून औषधाची रक्तातली पातळी बघत देतात. लोहाचंही तसंच. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं. दहा पिशव्या चढलेल्या मुलाला "हिमोग्लोबिन कमी आहे" म्हणून लोहाचं औषध देणं म्हणजे भरलेल्या टाकीत पुन्हा पंप लावणं.

गर्भारपणात मात्र फोलिक ॲसिड घ्यायलाच हवं. त्याचं मुख्य कारण बाळाच्या मज्जारज्जूचे दोष. ल्युकेमियाचं प्रमाणही अशा आयांच्या मुलांत थोडं कमी दिसलं आहे, तो जास्तीचा फायदा समजावा.

अभाव जो कॅन्सरचं सोंग घेतो

भारतात ही चूक दोन्ही दिशांनी होते. शुद्ध शाकाहारी, दूधही बेताचंच मिळणाऱ्या आईचं, वर्षभर फक्त अंगावर पिणारं बाळ. पांढरंफटक, सुस्त, बोटांचे सांधे काळपट, तपासणीत रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी (तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट) कमी. चित्र ल्युकेमियासारखं, पण आजार बी-12 च्या अभावाचा. फक्त बकरीच्या दुधावर वाढवलेल्या बाळात फोलेटच्या अभावाने असंच होतं. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून तपासलेल्या रक्ताच्या थेंबात, पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे पाचाहून जास्त तुकडे आणि मोठ्या तांबड्या पेशी दिसल्या, की पॅथॉलॉजिस्ट बी-12 कडे बोट दाखवतो. अशा मुलाला नुसतं फोलिक ॲसिड देऊ नये. रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान मागे चालू राहतं.

उलट दिशेची चूक जास्त महाग पडते. कारण न शोधता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, आणि खरा आजार ल्युकेमिया असला, तर ताप उतरतो, गाठी बसतात, मूल खेळायला लागतं. चार आठवड्यांनी आजार परततो, आणि आता तो अर्धवट औषध खाऊन चिवट झालेला असतो. म्हणून तिन्ही पेशी कमी असताना स्टेरॉइडच्या आधी स्मिअर आणि गरज पडली तर बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी. रक्त चढवायचं असेल तर त्याआधीच नमुने काढून ठेवायचे. मानेच्या गाठीचंही तसंच: तुकडा न तपासता "टीबीच असेल" म्हणून सहा महिने गोळ्या, आणि नंतर हॉजकिन लिम्फोमा निघतो.

उपचार सुरू झाल्यावर

कुपोषणाचा खरा तडाखा इथे बसतो. पहिली फसवणूक वजनकाटाच करतो. पोटात किलोभराची गाठ, पायावर सूज. काटा 12 दाखवतो, मूल असतं 10 किलोचं. औषधाचा डोस वजन-उंचीवरून निघतो, त्यामुळे चूक थेट सलाईनमध्ये उतरते. आफ्रिकेतल्या मलावीत मूत्रपिंडाच्या मोठ्या गाठी असलेल्या कुपोषित मुलांत व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध शरीराबाहेर जाण्याचा वेगही मंद आढळला. म्हणजे तोच डोस त्यांना जास्त बाधतो.

म्हणून दंडाचा घेर मोजायचा. डावा हात सैल सोडून खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतच्या अंतराचा मध्य काढायचा. तिथे टेप टेकेल इतपत गुंडाळायची, आवळायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात 11.5 सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, 12.5 पर्यंत मध्यम. अंगणवाडीतली लाल-पिवळी-हिरवी पट्टी हीच. गाठ पोटात असली तरी दंड खोटं बोलत नाही. दोन्ही पायांच्या पंजांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का तेही बघायचं.

दिलासा देणारी एक गोष्ट ग्वाटेमालातून आली आहे. ल्युकेमियाची जी मुलं निदानाच्या वेळी कुपोषित होती, पण सहा महिन्यांत सुधारली, त्यांचं जगण्याचं प्रमाण सुरुवातीपासून धडधाकट असलेल्यांइतकंच निघालं.

सुधारायचं कसं? घरोघरी आजारी मुलाला काय मिळतं: पेज आणि वरणाचं पाणी. वाटीभर वरणाच्या पाण्यात पोट भरतं, ताकद जवळपास शून्य. वरचं पाणी नको, खालची घट्ट डाळ हवी. मऊ खिचडीत चमचाभर तूप घातलं की 45 कॅलरी वाढल्या. एका उकडलेल्या अंड्यात 70 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं. शेंगदाण्याचा लाडू उत्तम, फक्त दाणे बुरशी आलेले किंवा कडवट नकोत, त्या बुरशीचं विष यकृताला लागतं. तोंड आलेलं असताना तिखट-गरम उतरत नाही, तेव्हा थंड खीर, मऊ केळं, दर दोन तासांनी थोडं थोडं. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत कच्ची कोशिंबीर, गाडीवरची चटणी, न तापवलेलं दूध बंद.

फार खंगलेल्या मुलाला मात्र पहिल्याच दिवशी पोटभर भरवणं धोक्याचं. उपाशी शरीराला एकदम साखर मिळाली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून थोड्या कॅलरींपासून, व्हिटॅमिन बी-1 देऊन, रोज रक्त तपासत वाढवतात. बर्किटच्या मुलात तर दोन्ही बाजूंनी ओढाताण: औषधाने गाठ फुटली की फॉस्फेट वर उसळतं, खाऊ घातलं की खाली येतं. हे काम वॉर्डातच, घरी नाही.

शेवटचा मुद्दा तापाचा, कारण औषधं चालू असताना मुलं दगावतात ती बऱ्याचदा इन्फेक्शनने. एकदा 38.3 सेल्सिअस, म्हणजे 101 फॅरनहाइट, किंवा तासभर 38, म्हणजे 100.4, राहिला की निघायचं. रात्रीचे दोन असले तरी. पॅरासिटामॉल देऊन "बघू उतरतो का" नाही. गुदद्वारात थर्मामीटर नाही. पोचल्यावर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "किमो चालू आहे, ताप आहे" हेच सांगायचं आणि फाइल पुढे करायची, कारण पहिलं अँटिबायोटिक तासाभराच्या आत शिरेतून जायला हवं, रिपोर्टची वाट न बघता. आणि कुपोषित मुलाबाबत एक पाऊल पुढे: त्याचं शरीर कधीकधी तापतच नाही. हातपाय गार पडलेत, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटतो, आवडता लाडूही तोंडात धरून ठेवतो. अशा वेळी थर्मामीटर 36.5 दाखवत असला तरी गाडी काढायची.